हॉल म्हणजे होस्टेलचा नव्हे!

'हॉल इफेक्ट' म्हटलं की आपल्याला फक्त व्हायवा आठवतो. पण हॉल हा एक माणूस होता आणि शोध लावला तेव्हा आपल्यासारखाच विद्यार्थी होता, हे मी उशिराच वाचलं. म्हणून त्यांची ही ओळख.

एडविन हर्बर्ट हॉल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८५५ चा, अमेरिकेतल्या मेन राज्यात गोरहॅम गावचा. पदवीनंतर दोन वर्षं शाळेत शिकवून ते १८७७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आले. तिथे मॅक्सवेलचा ग्रंथ वाचताना एका विधानापाशी अडले. तारेतून करंट जात असताना चुंबकाचा जोर तारेवर पडतो, करंटवर नाही, असं त्यात होतं. आपण पाठ करून मोकळे झालो असतो! हॉल यांनी सरळ आपले सर हेन्री रोलंड यांना विचारलं. गंमत म्हणजे सरांनाही तीच शंका होती. सुरुवातीचे प्रयोग फसले. मग काचेवर सोन्याचा पातळ वर्ख चिकटवला आणि ऑक्टोबर १८७९ मध्ये मीटरचा काटा हलला. करंटला आडवं, अगदी बारीक व्होल्टेज मिळालं. इलेक्ट्रॉनचा शोधही तेव्हा लागायचा होता!

१८८१ पासून ते हार्वर्डमध्ये शिकवू लागले. मुलांनी प्रयोग स्वतःच्या हातानं करावेत म्हणून त्यांनी शाळांसाठी प्रयोगांची यादीच केली. (आदल्या रात्री जर्नल उतरवणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) १९२१ मध्ये निवृत्त झाले, २० नोव्हेंबर १९३८ ला वारले.

आता आपल्या कुंभिवलीजवळच्या एक्सप्रेसवेवरून बोरघाट चढणारी कार बघा. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या एका सायकलमध्ये पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला. स्पार्क हवा कॉम्प्रेशनच्या वेळी. नुसत्या क्रँकच्या सेन्सरला हा फरक कळत नाही. कॅमशाफ्ट मात्र क्रँकच्या निम्म्या वेगानं, म्हणजे सायकलला एकदाच फिरतो. त्याच्या चाकाचा दात सेन्सरसमोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं, हॉल व्होल्टेज बदलतं आणि ईसीयूला पल्स मिळतो. कोणत्या सिलिंडरची पाळी, ते त्यावरून ठरतं. कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनीत ही पाळी कॅमशाफ्टवर फिरणारा डिस्ट्रिब्युटर सांभाळायचा.

सोन्याच्या वर्खातलं व्होल्टेज फारच कमी होतं. सेमीकंडक्टर आल्यावर ते कामाचं झालं, पण ते बघायला हॉल नव्हते.

तेव्हा पुढच्या लेक्चरला पुस्तकातलं काही पटलं नाही, तर खुशाल हात वर करा. कदाचित सरांनाही तीच शंका असेल!