एकाच वेळी चार कामं : गॅरी किल्डॉल यांची गोष्ट

मंडळी, गाणी ऐकता ऐकता टायपिंग करणं आज कुणाला विशेष वाटत नाही. पण १९८१ च्या आयबीएम पीसीवर डॉस एका वेळी एकच प्रोग्राम चालवायचं. हिशेब बंद केल्याशिवाय पत्र लिहायला घेता यायचं नाही!

यावर तोड काढणाऱ्यांत होते गॅरी किल्डॉल. १९४२ साली सिएटलमध्ये जन्मलेले गॅरी कॅलिफोर्नियात नौदलाच्या कॉलेजात शिकवायचे. १९७४ मध्ये त्यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली आणि पत्नी डोरोथीसोबत डिजिटल रिसर्च ही कंपनी काढली. पुढे याच कंपनीच्या कन्करंट सीपी/एममध्ये चार स्क्रीन मिळायच्या. प्रोसेसर एकच, पण तो प्रत्येक प्रोग्रामला सेकंदाचा बारीकसा तुकडा वाटून द्यायचा. बघणाऱ्याला वाटायचं, सगळं एकदमच चाललंय.

मग बाजी हुकली कुठे? आयबीएमचे लोक आले तेव्हा गॅरी विमान उडवत मजा करत होते, ही गोष्ट उगाच रंगवली जाते. ते कामासाठीच गेले होते. खरा फटका बसला किमतीचा. आयबीएमने सीपी/एम-८६ ठेवली २४० डॉलरला आणि मायक्रोसॉफ्टकडून घेतलेलं डॉस ४० डॉलरला. लोकांनी काय उचललं असेल, सांगायला नको.

१९९१ मध्ये नॉव्हेलने डिजिटल रिसर्च विकत घेतली. ११ जुलै १९९४ ला, अवघ्या ५२ व्या वर्षी, गॅरी गेले.