विळ्याच्या पेशी आणि हृदयाचा आलेख : डॉ. जेम्स हेरिक

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी या बाजूला सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. घराघरांतील आयाबायांच्या तोंडी तो रुळलेला आहे. ईसीजीचेही तसेच. छातीत दुखू लागले की कार्डिओग्राम काढायचा, एवढे आता खेड्यातील माणसालाही ठाऊक असते. मात्र सिकलसेलच्या रुग्णाची पहिली शास्त्रीय नोंद करणारा आणि हृदयविकाराचा झटका ईसीजीच्या आलेखावर ओळखता येतो हे वैद्यकविश्वाच्या गळी उतरवणारा डॉक्टर एकच होता, हे फारसे कुणाला माहीत नसते. शिकागोच्या डॉ. जेम्स ब्रायन हेरिक यांचे चरित्र विदर्भातील वाचकांनी आवर्जून वाचावे, ते या योगायोगासाठी.

हेरिक यांचा जन्म ११ ऑगस्ट १८६१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिकागोलगतच्या ओक पार्क या गावी झाला. मिशिगन विद्यापीठातून १८८२ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शाळेत शिक्षकाची नोकरी केली. साहित्याची गोडी त्यांना त्याही आधीपासून होती आणि ती अखेरपर्यंत टिकली. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी चॉसर या मध्ययुगीन इंग्रज कवीच्या वाचनावर निबंध लिहिला होता. पुढे ते वैद्यकाकडे वळले. शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजातून १८८८ मध्ये ते डॉक्टर झाले, कुक काउंटी रुग्णालयात त्यांनी उमेदवारी केली आणि नंतर रशमध्ये प्राध्यापक, तर प्रेस्बिटेरियन रुग्णालयात वरिष्ठ डॉक्टर म्हणून दीर्घकाळ काम केले. प्रयोगशाळेत रमणाऱ्या संशोधकांपैकी ते नव्हते. रुग्णाच्या खाटेशी बसून त्याची हकीकत ऐकणे, अंग तपासणे आणि जे दिसले ते जसेच्या तसे लिहून ठेवणे, ही त्यांची रीत.

या रीतीची कसोटी १९०४ च्या डिसेंबरात लागली. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी शिकागोत आलेला विशीतला एक कृष्णवर्णीय तरुण खोकला, ताप आणि धाप घेऊन प्रेस्बिटेरियन रुग्णालयात दाखल झाला. पायावर जुन्या व्रणांच्या खुणा, डोळ्यांत पिवळसर झाक, अंगात रक्त कमी. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण निवासी डॉक्टराने त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा नेहमीच्या गोल तांबड्या पेशींच्या गर्दीत लांबट, बाकदार, विळ्यासारख्या पेशी त्याला दिसल्या. त्याने त्या वरिष्ठांना दाखवल्या. एखाद्या घाईच्या डॉक्टराने काच नीट तयार झाली नसेल म्हणून ती बाजूला सारली असती. हेरिक यांनी पुनःपुन्हा रक्त तपासायला लावले. पेशी तशाच निघाल्या.

मग निदानाचा शोध सुरू झाला. पोटातील जंत असतील का, उपदंश असेल का, अशा शंका एकेक करून तपासल्या गेल्या. कोणतेही ठाऊक असलेले कारण या रुग्णाला लागू पडत नव्हते. हेरिक व आयर्न्स यांनी त्याच्यावर सुमारे अडीच वर्षे लक्ष ठेवले. तरुणाने शिक्षण पूर्ण केले, तो मायदेशी परतला, तेथे त्याने दवाखाना थाटला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. हेरिक यांनी त्याची हकीकत १९१० मध्ये प्रसिद्ध केली, ती रुग्णाचे नाव न देता आणि आजाराचेही नाव न देता. रोग कोणता हे आपल्याला कळलेले नाही, हे त्यांनी त्या निबंधात स्वच्छ कबूल केले. निष्कर्ष नसलेला निबंध छापायला धैर्य लागते. तो छापला नसता, तर पुढच्या डॉक्टरांना ताडून पाहायला काहीच हाती लागले नसते. सिकलसेल ॲनिमिया हे नाव पडले १९२२ मध्ये.

त्या निबंधातील एक नोंद आज विशेष वाटते. रुग्णाला धाप लागे, छातीत धडधडे आणि त्याचे हृदय किंचित मोठे झालेले होते. रक्ताचा हा आजार हृदयालाही सोडत नाही, याची खूण पहिल्याच रुग्णाच्या कागदावर होती. मात्र तेव्हा प्रेस्बिटेरियनमध्ये हे हृदय आलेखावर पाहण्याची सोय नव्हती. हॉलंडमधील विलेम आइंथोव्हेन यांनी तारेच्या गॅल्व्हनोमीटरवर हृदयाचे विद्युत आलेख टिपायला नुकतीच सुरुवात केली होती. त्यांचे यंत्र पाव टनाहून जड होते, ते चालवायला पाच माणसे लागत आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे.

हेरिक यांचे दुसरे मोठे काम हृदयाशीच निगडित आहे. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने अचानक बंद झाली की माणूस जागच्या जागी मरतो, अशी त्या काळची समजूत होती. जिवंतपणी हे निदान करता येईल असे फार थोड्यांना वाटे. रशियन साम्राज्यातील कीव्ह येथील ओब्राझ्झोव व स्ट्राझेस्को या दोघांनी १९१० मध्ये तसे रुग्ण वर्णिले होते, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. हेरिक यांच्यापुढे आलेला ५५ वर्षांचा गृहस्थ जेवणानंतर तासाभराने छातीच्या तीव्र कळेने कोसळला आणि ५२ तास जगला. शवविच्छेदनात हृदयाच्या डाव्या धमनीत गुठळी सापडली. धमनी बंद होऊनही माणूस काही तास, काही दिवस, कदाचित पुढेही जगू शकतो, तेव्हा त्याला ओळखता आले पाहिजे आणि विश्रांती दिली पाहिजे, असा निबंध हेरिक यांनी १९१२ मध्ये वाचला व छापला. सभेत त्यावर जवळजवळ कुणीच बोलले नाही. आपण महत्त्वाचे काही सांगितले आणि ते हवेत विरून गेले, याची रुखरुख त्यांना पुढे अनेक वर्षे होती.

रुखरुख करीत बसण्याऐवजी त्यांनी पुरावा गोळा केला. त्यांचे तरुण सहकारी फ्रेड स्मिथ यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या धमन्या बांधून त्यांचे विद्युत आलेख काढले. धमनी बांधल्यावर आलेखातील टी ही लहर आपली दिशा बदलते आणि पुढील दिवसांत ठरावीक क्रमाने बदलत जाते, असे दिसून आले. तशाच खुणा रुग्णाच्या आलेखातही सापडल्या. १९१८ मध्ये हेरिक पुन्हा त्याच संस्थेच्या सभेत उभे राहिले, या वेळी आलेख घेऊन; १९१९ मध्ये ते छापून आले. डॉक्टरांना जे शब्दांनी पटले नव्हते ते कागदावरच्या रेघेने पटले. झटक्यानंतर ईसीजी काढण्याच्या आजच्या सर्वत्रच्या रिवाजाची ही सुरुवात. 

पण या दोन शोधांची सांगड घालणे त्यांच्या वाट्याला आले नाही. ते काम पुढील पिढ्यांनी केले. रक्तातील हिमोग्लोबिन कायम कमी असले की तीच गरज भागवण्यासाठी हृदयाला अधिक रक्त ढकलावे लागते. डावा कप्पा मोठा व जाड होतो आणि आलेखातील लहरी उंच होतात. विळ्याच्या पेशी फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांना इजा करतात, तेथील दाब वाढतो आणि उजव्या बाजूवर ताण आल्याच्या खुणा दिसू लागतात. मोठ्या धमन्या स्वच्छ असतानाही हृदयाच्या स्नायूतील केसाएवढ्या वाहिन्या तुंबू शकतात, म्हणून कोवळ्या वयातही छातीच्या कळेबरोबर झटक्यासारखे बदल आढळतात. सर्वांत दुर्लक्षित राहते ते क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पूर्वस्थितीला येण्याचा काळ. सिकलसेलच्या अनेक रुग्णांत तो लांबलेला असतो, काही औषधांनी आणखी लांबतो, आणि फार लांबला तर ठोक्यांची लय घातक रीतीने बिघडू शकते. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या हृदयात लोह साचते, ते वेगळेच.

ईसीजीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. किडकिडीत मुलाच्या आलेखात लहरी मुळातच उंच असतात, तेव्हा प्रत्येक उंच लहर म्हणजे मोठे हृदय नव्हे. उलट, आलेख निर्दोष असूनही फुफ्फुसातील दाब वाढलेला असू शकतो. शंका आली तर इकोकार्डिओग्राफी व गरजेनुसार एमआरआय यांना पर्याय नाही. पण यवतमाळमध्ये वैद्यकीय महाविद्यालय असले, तरी झरी-जामणीच्या पोडावरील कोलाम कुटुंबाला तेथवर येण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. ईसीजीचे यंत्र पेटीत मावते आणि आलेख काही मिनिटांत हाती येतो. कुणाला पुढे पाठवायचे, हे ठरवण्यासाठी तेवढे पुष्कळ आहे.

हेरिक यांनी १९४९ मध्ये आपल्या ऐंशी वर्षांच्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. त्याच वर्षी लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी सिकलसेलचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले आणि जेम्स नील यांनी त्याची आनुवंशिकता उलगडली. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी असण्याची शक्यता चारात एक, हा हिशेब तेव्हापासूनचा. शिकागोत ज्याचे नावही सांगता आले नव्हते, त्या आजाराचे कोडे वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी हेरिक यांच्या डोळ्यांदेखत सुटले. ७ मार्च १९५४ रोजी, ९२ व्या वर्षी, शिकागोतच त्यांचे निधन झाले.

भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार १९५२ मध्ये आढळला. मध्य भारताबाबत नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांचे टिपण लॅन्सेट नियतकालिकात १९५८ मध्ये आले. आज विदर्भातील काही समाजांत शंभरात पंधरा-वीस जण वाहक आढळतात. गोंड, कोलाम, परधान यांच्यापुरता तो मर्यादित असल्याची समजूत चुकीची आहे. अनुसूचित जाती व इतर समाजांतही तो आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तिचा मुख्य भर रक्ततपासणीवर आहे, आणि तो असायलाच हवा. मात्र ज्यांचा आजार आधीच निश्चित झाला आहे, त्यांच्या छातीतील कळ बहुधा सिकलसेलचे नेहमीचेच दुखणे म्हणून वेदनाशामकावर भागवली जाते. अशा रुग्णाचा एक आलेख तो बरा असताना काढून त्याच्या कार्डाबरोबर ठेवला, तर कळ येईल त्या रात्री ड्युटीवरील डॉक्टराला नवा आलेख जुन्याशेजारी धरून पाहता येतो.