दारातून परत फिरलेली आई

दर गुरुवारी दुपारी मी आमच्या गावातल्या महिला समुपदेशन केंद्रात बसते. अगदी सुरुवातीला एक बाई आली होती. सासूबद्दल काही सांगायला लागली, तर मी तिला मध्येच थांबवून चांगली अर्धा तास समजूत घातली. मान डोलावून गेली ती पुन्हा आलीच नाही. बी.ए.ला मानसशास्त्र होतं माझं, कार्ल रॉजर्स हे नाव परीक्षेपुरतं पाठही केलं होतं. त्या बाईनंतर मात्र त्यांचं आयुष्य मी नीट वाचलं.

रॉजर्स यांचा जन्म १९०२ चा, अमेरिकेत शिकागोजवळच्या ओक पार्कचा. घर धार्मिक आणि कडक. पत्ते, नाटक, नाच, सगळ्याला बंदी! ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेलं, म्हणून विद्यापीठात आधी शेतीच शिकायला घेतली. १९२२ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदेसाठी ते चीनला गेले आणि घरच्यापेक्षा वेगळा विचार करू लागले. १९२४ मध्ये लहानपणापासून ओळखीच्या हेलनशी लग्न केलं. मग न्यूयॉर्कला धर्मशिक्षण घेता घेता ते मानसशास्त्राकडे वळले.

१९२८ पासून बारा वर्षं ते रोचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसाठी काम करत होते. तिथे एक आई यायची. मुलगा अतिशय द्वाड. आईनं त्याला लहानपणी मनापासून स्वीकारलं नाही, हे मूळ दुखणं, असं रॉजर्सनी ठरवून टाकलं होतं. प्रत्येक भेटीत ते तिला हळूहळू तेच पटवत राहिले. उपयोग शून्य. शेवटी दोघांनी थांबायचं ठरवलं. ती निघाली, दारापर्यंत गेली, आणि मागे वळून तिनं विचारलं, की इथे मोठ्या माणसांनाही सल्ला मिळतो का. हो म्हटल्यावर ती परत खुर्चीत येऊन बसली आणि नवऱ्याशी बिनसलेल्या संसाराचं, आपल्या हरल्यासारखं वाटण्याचं सगळं सांगत सुटली. आधीच्या भेटींत यातलं काही आलंच नव्हतं! रॉजर्स नुसते ऐकत राहिले. पुढे तिचं बरं झालं, मुलाचंही. कुठे दुखतंय ते त्या माणसालाच ठाऊक असतं, हे त्यांना त्या आईनं शिकवलं.

१९४० मध्ये ते ओहायोत प्राध्यापक झाले. बंद खोलीतलं बोलणं तबकड्यांवर मुद्रित करून, १९४२ च्या पुस्तकात त्यांनी आठ भेटींचा अख्खा संवाद छापला. म्हणजे आपण कुठे चुकलो ते कुणालाही दिसावं. येणाऱ्याला ते रुग्ण म्हणत नसत. वकिलाकडे अशील असतो, तसा तो यांच्याकडे. उपचार करणाऱ्यानं स्वतः खरं वागावं, समोरच्याला अटी न घालता स्वीकारावं आणि त्याच्या जागी जाऊन समजून घ्यावं, एवढी त्यांची मागणी.

मला इथे थोडं अडतं. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईचं नुसतं ऐकून भागत नाही. तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याबद्दल सांगावंच लागतं. पण तेही तिचं पुरतं ऐकून झाल्यावर, एवढं आता कळतं.

हे सगळं त्यांना स्वतःला सोपं गेलं असं समजू नका. शिकागोला असताना, १९४९ च्या सुमारास, मनानं फार खचलेल्या एका स्त्रीवर उपचार करता करता ते स्वतःच कोलमडायला आले. तिला सहकाऱ्याच्या हाती सोपवून हेलनबरोबर मोटारीनं निघून गेले ते दोन-तीन महिने. परत आल्यावर आपल्याच एका सहकाऱ्याकडे ते उपचारासाठी बसू लागले. एवढा नावाजलेला माणूस, पण लाज धरली नाही. मला त्यांच्या पुरस्कारांपेक्षा हेच मोठं वाटतं.

१९७९ मध्ये हेलन गेल्या. ऐंशीव्या वर्षी रॉजर्स दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या-काळ्यांना एका खोलीत बसवून एकमेकांचं ऐकायला लावत होते. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात ते वारले.

आमच्या रजिस्टरमध्ये त्या पहिल्या बाईचं नाव अजून आहे. पुढच्या भेटीची तारीख मीच माझ्या हातानं घातली होती. सहीचा रकाना मोकळा आहे.