जावजी दादाजी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील ग्रंथसंपत्ती बहुतांशी हस्तलिखित पोथ्यांत साठवलेली होती. तिरक्या तासलेल्या बोरूने लेखनिक एकेक अक्षर सावकाश काढी. त्यामुळे एकाच अक्षरात रेघ कोठे भरदार, तर कोठे नाजूक होई आणि शिरोरेघ ओळीच्या टोकापर्यंत सरळ जाई. छापखाने निघाले, तेव्हा हे सौंदर्य पानावरून जवळजवळ नाहीसे झाले. आरंभीचे शिशाचे खिळे बोजड असत. मात्रा, वेलांट्या अक्षरापासून सुटून दिसत आणि शिरोरेघ मध्येच तुटे. शिवाय छपाईच्या शाईत जनावरांची चरबी असते म्हणून सोवळी माणसे छापील पुस्तकास हात लावीत नसत. १८३१ साली छापील मराठी पंचांग काढणारे गणपत कृष्णाजी यांनी शाईत चरबीऐवजी तूप घालून ही अडचण दूर केली. परंतु छापील अक्षर पोथीतील अक्षराच्या तोलाचे व्हावे, हे काम शिल्लकच होते. ते ज्यांनी अंगावर घेतले, त्यांचे नाव जावजी दादाजी चौधरी.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. शाळेत फार दिवस बसणे त्यांच्या नशिबी नव्हते. वयाच्या दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात नोकरीस लागले. काम होते खिळे घासण्याचे आणि पगार महिना दोन रुपये. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडेला शिशाची खरखर राहते. ती नीट घासली नाही, तर शेजारचा खिळा त्याला भिडत नाही. आणि जास्त घासली, तर खिळा डुगडुगतो व ओळ बिघडते. दिवसभर बोटे काळी करणारे हे काम कोणासही कंटाळवाणे वाटावे असेच. पण केसाएवढा फरक बोटांना कळणे म्हणजे काय, ते याच कामात समजते. त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम हे कुशल कारागीर देवनागरी खिळे अधिक लहान व सुबक करण्यासाठी झटत असत. त्यांच्या हाताखाली जावजींनी ही कला आत्मसात केली.

पुढे मुंबईतील आणखी काही छापखान्यांत अनुभव घेऊन त्यांनी १८६४ साली स्वतःची खिळे ओतण्याची लहानशी शाळा काढली. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस होते. त्यांना राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी सहकारी लाभला. पोलादी सळईच्या टोकावर आधी अक्षर उलटे कोरावयाचे, ते पोलाद कडक करून त्याचा ठसा तांब्यावर उठवावयाचा आणि त्या तांब्याच्या मातृकेवर शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा, अशी ही रीत. राणोजींचे कौशल्य कोरण्यात होते. रोमन लिपीतील अक्षरे सुटी सुटी उभी राहतात. देवनागरीत मात्र काना, मात्रा, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांचे शेकडो खिळे लागतात, आणि ते सर्व एका शिरोरेघेखाली असे मिळाले पाहिजेत की, सांधा कोठे आहे हे वाचणाऱ्यास उमगू नये. बोरूच्या टोकातून आपोआप उतरणारे जाडबारीक वळण पोलादात मुद्दाम आणावे लागते. जावजींच्या कारखान्यातील खिळ्यांत ते उतरले. म्हणूनच दूरदूरचे छापखानेही ते खिळे विकत घेऊ लागले.

१८६९ साली जावजींनी ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला. हे नाव घरोघर पोचले ते पंचांगामुळे. पंचांग छापणे हे सोपे काम नव्हे. बारीक आकड्यांच्या दाट रकान्यांत एक आकडा चुकला, तर तिथी किंवा मुहूर्तच चुकावयाचा! निर्णयसागराची छपाई शुद्ध असते, असा लोकांचा विश्वास बसला. सुट्या पानांच्या पोथ्याही तेथे छापल्या जाऊ लागल्या. ज्या घरांत छापील पुस्तकाचा विटाळ मानला जाई, तशा घरांतील देव्हाऱ्यापुढेही आता छापील पोथी उघडली जाऊ लागली. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये मुलांसाठी सुरू केलेले ‘बालबोध’ मासिकही याच छापखान्यात छापले जाई.

संस्कृतातील अनेक काव्ये तेव्हा हस्तलिखितांतच अडकून पडली होती. वाळवीने एखादी प्रत खाल्ली की ग्रंथ कायमचा गेला, अशी स्थिती होती. १८८६ मध्ये जावजींनी ‘काव्यमाला’ काढली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब या विद्वानांनी हे अप्रसिद्ध ग्रंथ शोधून, शुद्ध करून दिले. अशा ग्रंथांना गिऱ्हाईक थोडे. तरी ज्या माणसास फारसे शिक्षण मिळाले नव्हते, त्यानेच या कामी आपला पैसा व परिश्रम वेचले.

१८९२ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जावजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी छापखाना पुढे चालवला व काव्यमालाही चालू ठेवली. काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीचा पत्ता असलेली ती पुस्तके देशोदेशींच्या संस्कृत पंडितांच्या हाती गेली. पुढे खिळे जुळवून छापण्याची पद्धतच मागे पडली. तथापि निर्णयसागराचे जुने ग्रंथ दुर्मीळ झाले, तेव्हा इतर प्रकाशकांनी नव्याने अक्षरे न जुळवता त्या पानांची छायाचित्रे घेऊनच त्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या. संस्कृताचे विद्यार्थी आजही त्या वाचतात, त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे त्याच कारखान्यात ओतलेली अक्षरे असतात.