सर दोराबजी टाटा

सचिनच्या दक्षिणेस, त्याच लोहमार्गावर असलेले नवसारी हे जमशेटजी टाटांचे जन्मगाव. त्यांचे ज्येष्ठ पुत्र दोराबजी २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत जन्मले. केंब्रिजच्या कीज महाविद्यालयात दोन वर्षे असताना त्यांनी क्रिकेट व फुटबॉल या दोन्ही खेळांत महाविद्यालयाचा सन्मान मिळविला. १८८२ मध्ये मुंबईत पदवी घेऊन काही काळ ते वृत्तपत्रात रमले आणि १८८४ मध्ये पित्याच्या व्यवसायात आले.

लोखंडाच्या शोधात चांदा जिल्ह्यातील रानावनांतून बैलगाडीने हिंडणारे दोराबजी पाहिले, की मैदानावरचा तो खेळाडूच आठवतो. १९०७ मध्ये पोलाद कंपनी स्थापन झाली. तिचे दोन कोटींहून अधिक भांडवल भारतीयांनीच सुमारे तीन आठवड्यांत पुरविले. १९१२ मध्ये पोलाद निघू लागले. पहिल्या महायुद्धानंतर मात्र मंदी आली आणि १९२४ मध्ये कामगारांचे वेतन देणेही कठीण झाले. तेव्हा दोराबजींनी पत्नी मेहेरबाईंच्या २४५ कॅरटच्या ज्युबिली हिऱ्यासह आपली सुमारे एक कोटीची खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. कारखाना वाचला.

याच घराण्याच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांना सत्याग्रह करावा लागला, हेही सांगितले पाहिजे. पुढील दानांनी त्या दुःखाची भरपाई होत नाही.

खेळाचे वेड मात्र सुटले नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारी खेड्यातील मुले पाहून त्यांना ऑलिंपिकचा ध्यास लागला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू गेला, त्याच्या खर्चाचा मोठा भार त्यांनीच वाहिला. बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले त्याच चमूतले. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले अध्यक्षपदही दोराबजींकडेच आले.

दांपत्याला अपत्य नव्हते. १९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी एक निधी उभारला आणि आपली उरलेली संपत्ती, हिऱ्यासकट, विश्वस्त निधीला दिली. त्यातूनच १९३६ मध्ये समाजकार्याचे विद्यालय, १९४१ मध्ये परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि १९४५ मध्ये मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. यांपैकी एकही त्यांना पाहता आली नाही. पत्नीच्या प्रथम पुण्यतिथीसाठी इंग्लंडला जात असता ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. ब्रुकवुडच्या दफनभूमीत ते मेहेरबाईंच्या शेजारी विसावले आहेत.