ऑर्व्हिल राइट

बिरसीच्या विमानतळावर शिकाऊ वैमानिकांचीं विमानें उडतांना पाहून आम्हांस ऑर्व्हिल राइट यांचें स्मरण होतें. बिशप मिल्टन राइट यांचे हे पुत्र १८७१ सालीं जन्मले. वडील बंधु विल्बर यांच्यासह १९०३ सालीं त्यांनीं विमान उडविलें. ता. १७ सप्टेंबर १९०८ रोजीं फोर्ट मायर येथें त्यांच्या विमानाचा पंखा तडकला व सुकाणूच्या आधारतारेंत अडकला. विमान कोसळलें, सोबती लेफ्टनंट सेल्फ्रिज दगावले, ऑर्व्हिलांची मांडी मोडली. तरी रुग्णशय्येवर तुटके भाग तपासून त्यांनीं कारण शोधिलें व १९०९ सालीं तेथेंच पुन्हां उड्डाण केलें. १९१३ अखेर, विमानाचा तोल आपोआप सांभाळणारें यंत्रही त्यांनीं दाखविलें. १९४८ सालीं ते निवर्तले. विद्यार्थ्यांनो, अपयशाचे तुकडे टाकूं नका, ते तपासा.