शस्त्रवैद्याची खतावणी

पोटात गाठ निघाली की घरातला पहिला प्रश्न असतो, ऑपरेशन करावे लागेल का? जठराच्या लिम्फोमाबाबत, म्हणजे लिम्फ पेशींच्या कर्करोगाबाबत, विसाव्या शतकात दीर्घकाळ याचे उत्तर 'होय' असेच होते. ती वाट ज्यांनी खुली केली, त्या थिओडोर बिलरोथ यांची ही कहाणी.

प्रशियातील रुगेन बेटावर २६ एप्रिल १८२९ रोजी एका पाद्र्याच्या घरी थिओडोरचा जन्म झाला. पोर पाच वर्षांचे असताना वडील गेले. अभ्यासात बेताचा, ओढा सारा पियानोकडे. पण आईच्या आग्रहापुढे त्याचे चालले नाही. १८५२ साली तो डॉक्टर झाला. १८६० साली झुरिचला, १८६७ साली व्हिएन्नाला प्राध्यापकी मिळाली. संगीत मात्र सुटले नाही. थोर संगीतकार ब्राम्स यांनी १८७३ साली तंतुवाद्यांसाठीच्या आपल्या दोन रचना या मित्राला अर्पण केल्या.

माझी उमेद बँकेच्या खतावण्या तपासण्यात गेली, म्हणून असेल, मला बिलरोथ यांची एक गोष्ट सर्वांत मोठी वाटते. झुरिचच्या रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला, तेव्हा बरे झालेल्यांबरोबर दगावलेलेही मांडले. यश मिरवावे आणि अपयश झाकावे, अशा त्या काळात हे धाडसच होते.

१८७१ साली लिम्फ ग्रंथींच्या जीवघेण्या गाठींना घातक लिम्फोमा हे नाव त्यांनीच दिले. कर्करोगाने ग्रासलेला जठराचा भाग कापण्याचे प्रयत्न १८७९ साली पॅरिसमध्ये पेआं यांनी आणि १८८० साली पोलिश शल्यविशारद रिडिगिएर यांनी केले होते. दोन्ही रुग्ण वाचले नाहीत. २९ जानेवारी १८८१ रोजी बिलरोथ यांच्यासमोर ४३ वर्षांची एक बाई होती. अन्न तिच्या पोटात ठरत नव्हते. सुमारे दीड तासात त्यांनी जठराचा रोगट भाग काढला आणि उरलेले जठर आतड्याला जोडले. बाई सावरली, जेवू लागली. पण रोग आधीच पसरला होता. चार महिन्यांत ती गेली. तिचा कर्करोग लिम्फोमा नव्हता, तरी पुढे लिम्फोमालाही हीच सुरी लागली. बिलरोथ ६ फेब्रुवारी १८९४ रोजी वारले.

चित्र बदलले ते एका जंतूमुळे. १९८२ साली ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी वेगळा वाढवला. १९९३ साली लंडनच्या संशोधकांनी माल्ट या संथ वाढणाऱ्या लिम्फोमाच्या सहा रुग्णांचा वृत्तान्त छापला. जंतू मारणाऱ्या औषधांनी पाच जणांची गाठ विरली होती.

आज सुरुवातीच्या माल्ट लिम्फोमात जंतू सापडला, तर आधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या देतात. सुमारे पाऊण रुग्णांना एवढे पुरते. मात्र गाठ जायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. दुर्बिणीची तपासणी चुकवायची नसते. जंतू नसेल किंवा औषध लागू पडले नाही, तर जठरावर बेताचे रेडिएशन किंवा रिटुक्सिमॅब. वेगाने वाढणाऱ्या प्रकाराला मात्र रिटुक्सिमॅबसह केमोथेरपी लागते. सुरी उरली आहे ती मुख्यतः रक्तस्रावासाठी किंवा जठराला भोक पडले तर.

म्हणून घरात असा रिपोर्ट आला, तर ऑपरेशनआधी दोन प्रश्न विचारावेत: लिम्फोमा कोणत्या प्रकारचा, आणि जंतूची तपासणी झाली का? आपल्या सुरीची गरज सरल्याचा हा हिशेब बिलरोथ यांनीही आनंदाने छापला असता.